दुभाजकातलं दार

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन बोल्ट निघाले आणि तिसऱ्यावर पाना बसवते तोच हवालदाराने शिट्टी फुंकली. मी दुभाजकावर गुडघे टेकून बसले होते. दोन्ही अंगांनी गाड्या. शिट्टी दुसऱ्याच कुणासाठी असेल असं आधी वाटलं. तो बिचारा फुटपाथवरून उतरायला बघत होता आणि गाड्या त्याला उतरू देत नव्हत्या, म्हणून तिथूनच हातवारे करत होता. शेवटी मीच बोल्ट परत आवळले आणि त्याच्यापाशी गेले. त्याने विचारलं, सरकारी माल का चोरता. मी म्हटलं, चोरायचा असता तर बनवला कशाला असता.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडला असतास आणि मी फोन आपटला असता. आईचा नवा हुकूम तुला माहीत आहे: तुम्ही दोघं फोनवर भांडता आणि नंतर कोण काय म्हणालं ते दोघंही नाकबूल करता, तेव्हा यापुढे कागदावर भांडा, म्हणजे मलाही वाचता येईल. हे पत्र पाकिटात जाण्याआधी ती वाचणारच आहे. आई, चष्मा टीव्हीवर आहे.

आता कारण. दुभाजकावर रेलिंग बसल्यापासून आई पलीकडे गेलेली नाही. आधी रोज संध्याकाळी ती बटणवाल्या मावशीच्या दुकानात जायची आणि तिथून दोघी बागेला वळसा घालून यायच्या. आता मधे छातीएवढं लोखंड आहे. पूल आहे, पण तो शाळेच्याही पुढे, आणि त्याचे जिने आईच्या गुडघ्यांचे नाहीत. म्हणून ती संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती फिरते. परवा म्हणाली, घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो.

शुगरच्या गोळ्या दोनदा वाढल्या. नवा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता चालणं, नाहीतर सुई. आईने विचारलं, चालू कुठे? बाई म्हणाल्या, ते मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

आणि हो, हसायचं असेल तर हस. ते रेलिंग मीच केलं आहे. निविदा भरली, काम मिळालं, आपल्याच वर्कशॉपमध्ये पॅनल बनली. ट्रक घासून गेला तरी हलणार नाही असं काम केलं. आई रोज ऐकवते की तुझ्या बापाने तुला सगळं शिकवलं, दार शिकवायचं तेवढं राहिलं. पण ते खरं नाही. बाबांची शिस्त तू विसरलास, मी नाही: काम कितीही पक्कं असो, एक तुकडा बोल्टवर ठेवायचा. उद्या कुणाला आतबाहेर करावं लागलं तर कापाकापी नको. माझ्या हाताने ते आपोआप केलं. सगळी पॅनल वेल्डिंगची, आणि बरोबर आपल्या दुकानासमोरचं एक बोल्टवर. पालिकेच्या नकाशात ते नाही. कुणी विचारलंही नाही.

तू रस्ते आखणारा साहेब, म्हणून तुला कळवते आहे. विचारत नाही, कळवते आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर तक्रार नाही.

तुझी
ठिणगी


१९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र ऑफिसात उघडलं आणि पुढचं वाचायच्या आधी दार लावून घेतलं.

पॅनल काढू नकोस.

आमच्याकडे लोकांनी अशीच एक फट पाडली होती. मी पाहणीला गेलो तेव्हा तिथे एक चप्पल पडली होती. एकच. रेलिंगमधली फट रेलिंगपेक्षा वाईट. रेलिंग आलं की ड्रायव्हर बघणं सोडतो, मधून कुणी येणार नाही याची त्याला खात्री असते. तुझ्या लोखंडाने आईला अडवलं आणि शिवाय गाड्यांना पळायला शिकवलं. त्या पळणाऱ्या गाड्यांसमोर तू आता दार उघडणार आणि त्यातून पहिली कोण बाहेर पडणार ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

रीतसर अर्ज कर. तुमच्या पालिकेतल्या एका ओळखीच्याला मी विचारलं. तिथे लोक रस्ता ओलांडतात का याची गेल्या वर्षी पाहणी झाली होती. एकही माणूस ओलांडताना आढळला नाही, सबब क्रॉसिंगची गरज नाही, असा शेरा आहे. पाहणी रेलिंग बसल्यानंतरची आहे. तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतं आहे. तरीही अर्ज कर. उशीर लागेल, पण जे होईल ते टिकेल.

आईला सुई घ्यावी लागली तर आभाळ कोसळत नाही. पुष्कळ लोक घेतात आणि मजेत जगतात. चाकाखाली जाण्यापेक्षा ते बरं.

हवालदाराला उलट उत्तर देण्याचं कसब तुझं शाळेपासूनचं आहे. तेव्हा तुझ्या वतीने मी माफी मागायला यायचो. आता गाव लांब आहे.

माझ्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा
दादा


२५ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बहिणीच्या आधी मी वाचलं. पाकीट माझ्या हातात पडलं, माझा इलाज नव्हता.

सुईने आभाळ कोसळत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हा दोघांना जन्म दिलाय, सुईला काय भिते. पण सुई मला घरात बसल्याजागी देतील आणि मग मी बसलेलीच राहीन. घरातल्यांनाही ते बरं वाटेल. म्हातारी जागेवर आहे, औषध चालू आहे. मला ते नको. मला पाय आहेत.

त्या पाहणीवाल्यांना मी दिसले नाही, कारण मी खिडकीत उभी होते. बटणवाली तिच्या दारात उभी होती. आम्ही एकमेकींना हात करत होतो. ओलांडत नव्हतो हे खरं आहे. कोंडलेली माणसं बाजारात दिसत नाहीत म्हणून त्यांना भाजी नको असते का रे?

काल मी पुलावर गेले. तुझ्या बहिणीला सांगितलं नव्हतं, आता हे वाचून कळेल. चढले. उतरताना उभ्याने जमेना, म्हणून बसून एकेक पायरी खाली सरकले, रांगतं मूल सरकतं तशी. माझ्यामागून घाईची माणसं येत होती, ती मला ओलांडून जात होती. खाली पोचल्यावर बागेपर्यंत जाण्याचा दम उरला नाही. गाडी करून परत आले. ती गाडीसुद्धा रेलिंग संपेपर्यंत पुढे जाऊन वळून आली. बटणवाली अजून फोनवर सांगते आहे की मी तिच्या दुकानावरून गेले आणि उतरले नाही.

तू म्हणतोस फट वाईट. मान्य. मग फट नको, रस्ता दे. एवढा शिकलास, परक्या लोकांना रस्ते आखून देतोस, मला एक आखून दे. लोखंडाचं तुझी बहीण बघेल. आणि खाली सही कर. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर माझी सही झकास करायचास. आता आपली कर.

अर्ज मी केला आहे. त्याची वाट बघत टेबलाभोवती फिरणार नाही.

सुनेला आशीर्वाद. माझी आठवण येत असेल तर नकाशा पाठव, नुसती आठवण पाठवू नकोस.

तुझी
आई


३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नकाशा आहे. खाली सही आहे आणि हुद्दाही आहे. तुझी सून म्हणाली की हुद्दा लिहू नका. मग तिनेच पेन शोधून दिलं.

आमच्या साहेबांना मी आधी सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या शहरात हात घालू नका. मी म्हटलं, तिथे माझी आई राहते. ते म्हणाले, मग रजा घ्या आणि आईला भेटून या. रजा मागितली. ती त्यांनीच नामंजूर केली. तेव्हा मी येत नाही, कागद येतो आहे.

नकाशातली गोष्ट साधी आहे. पाटी लावून ड्रायव्हर हळू होत नाही. रस्ता अरुंद दिसला की होतो. म्हणून दाराच्या अलीकडे, येणाऱ्या गाड्यांच्या बाजूने, वाळूने भरलेली पिंपं कडेपासून आत आत सरकवत आणायची, शेवटी एका गाडीपुरती वाट राहील अशी. दुसऱ्या अंगालाही तसंच. पिंपं पांढरी रंगवा, लांबून दिसली पाहिजेत. मधे दुभाजकावर दोन माणसांना निवांत उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे एका वेळी एकाच बाजूला बघावं लागेल.

ठिणगे, हे तुला: पिंपं बसून गाड्या हळू झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. उलट केलंस तर तुझ्याशी कागदावरही बोलणार नाही. आणि करायचं ते भर दिवसा, गर्दी कमी असेल अशा रविवारी. लपून केलं तर त्याला फटच म्हणतील.

माझं काय होईल ते होईल. त्यावर तुम्ही दोघींनी पत्र खर्चू नये.

आई, तू घाई करू नकोस. हात वर करून चाल. माझ्यावरचा जीव तसाच ठेव, तो मला लागतो.

तुझा
थोरला


१० मार्च, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं.

पिंपं शेजारच्या टायरवाल्याने दिली. परत मागणार नाही म्हणाला, फक्त त्याच्या दुकानाचं नाव दिसेल असं एक ठेव. ठेवलं नाही. ती रंगवण्याचं काम आईने बसल्याबसल्या केलं. सकाळी बटणवाली मावशी तिकडच्या कडेला आणि टायरवाला इकडच्या, दोघं लाल कापड हलवत उभे राहिले आणि आम्ही पिंपं लावली. वाळू घमेल्याने भरली. माझे खांदे अजून माझे वाटत नाहीत.

पहिली गाडी हॉर्न वाजवत आली. पिंपांपाशी पोचेपर्यंत हॉर्न चालू होता आणि चाकं हळू झाली होती. त्या माणसाला कळलंसुद्धा नाही. दुसरी तशीच. मी दुकानाच्या पायरीवर बसून बघत राहिले. आई मागून टोचत होती की तुला आणखी किती गाड्या बघायच्या आहेत. मी म्हटलं, साहेबांचा हुकूम आहे. ती म्हणाली, साहेबाला मी न्हाऊ घातलंय.

मग पॅनल काढलं. या वेळी हवालदार आधीपासूनच शेजारी उभा होता. त्याला तुझा नकाशा दिला. त्याने सरळ धरून वाचला, आडवा धरून वाचला, आणि विचारलं की हे अधिकारी कुठल्या ऑफिसचे. सांगितलं. म्हणाला, ते तर दुसरं शहर. मी म्हटलं, गाड्या त्याच आहेत. त्याने तुझं नाव आणि हुद्दा टिपून घेतला. मी लपवलं नाही, तू लपवायचं नाही म्हणाला होतास. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत पॅनल बसलं नाही तर पालिकेला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. पत्ता मी देते, आमच्याच दुकानाचा.

आई निघाली. मी हात धरायला गेले तर तिने तो झटकला. पिंपाच्या आडोशाला उभी राहिली, गाडी थांबल्यावर हात वर करून अर्धा रस्ता गेली आणि दुभाजकावर थांबली. तिथे तिने रेलिंग हाताने हलवून पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाली, काम चांगलं केलंयस, मेले. मग दुसरा अर्धा रस्ता. पलीकडे बटणवाली रडायला लागली तर आईने तिला दम दिला की आधी बाग, मग रडणं.

त्या गेल्या आणि मागोमाग लोक निघाले. कुबडीवाला चांभार. तान्ह्या मुलाची गाडी ढकलणारी बाई. ही माणसं इतके दिवस कुठे होती, मला ठाऊक नाही. एका मोटरसायकलवाल्याने थांबून विचारलं की हा काय तमाशा आहे. कुबडीवाला त्याच्यासमोरून जाता जाता म्हणाला की बघून घ्या, फुकट आहे.

बागेला वळसा घालून दोघी आल्या तेव्हा आईचे पाय सुजले होते आणि ती कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. पॅनल दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं आहे. बसवलेलं नाही. डॉक्टरीणबाई तीन महिन्यांनी परत तपासणार आहेत, तेव्हा काय ते कळेल. तोवर दार उघडं राहिलं पाहिजे. मी तेवढंच बघणार.

तुला नोटीस येईल असं वाटतं. आली तर इकडे निघून ये. वर्कशॉपमध्ये नकाशे काढणारा माणूस लागतोच, पगार मात्र आई ठरवेल.

वहिनीला माझ्यातर्फे एक पेन. जीव लाव, जमेल तेवढा.

तुझी
ठिणगी

ता. क. सोमवार. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं लिहिते. सकाळी पालिकेची गाडी आली. दोघं उतरले. त्यांनी दुकानातून पॅनल उचललं, दुभाजकावर नेलं आणि जागेवर धरलं. आई त्या जागेत उभी होती. ते म्हणाले, आजी, सरका. ती सरकली नाही. तिच्यामागे बटणवाली येऊन उभी राहिली आणि तिच्यामागे चांभार. त्या दोघांनी थोडा वेळ पॅनल तसंच हातात धरलं, मग खाली ठेवलं. दुपारी साहेबांना घेऊन येतो असं सांगून गाडी गेली. आई आत्ता पलीकडे आहे.