सादळलेले बारा डबे

ता. ९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू दुकानातून परत पाठवलेले बिस्किटांचे बारा डबे आज पोचले आणि माझं डोकं फिरलंय. पंधरा दिवसांपूर्वी तूच लिहिलंस, की बिस्किटं मऊ पडलीत, भट्टीवाले काका आता म्हातारे झाले, बिस्किटं कच्चीच भट्टीबाहेर काढतात, त्यांना घरी बसव. मी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. तीस वर्षं बाबांच्या शेजारी भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला मी सगळ्यांदेखत उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आज एक डबा वजनकाट्यावर ठेवला. इथून जाताना आत पाच किलो बिस्किटं होती, परत आली ती पाच किलो दोनशे ग्रॅम. अरे शहाण्या, कच्चं बिस्कीट डब्यात बसून वजन वाढवत नाही. हे दोनशे ग्रॅम तुझ्या कोठीतल्या हवेतलं पाणी आहे. नीट भाजलेलं कोरडं बिस्कीट हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून तर आपण घट्ट झाकण लावतो. त्यातली मूठभर पुन्हा भट्टीत फिरवली, तर मस्त कुरकुरीत झाली. आता गुमान लिही, कोठीत काय दिवे लावलेस ते.

आशीर्वाद वर लिहिलाय, आज तेवढाच पुरे.

तुझी ताई

ता. १४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मीही भडकलो. उठसूट धाकट्यालाच धरायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. चहात न बुडवताच बिस्कीट मऊ, असं गिऱ्हाईक दुकानात तोंडावर म्हणतं ते मी ऐकून घेतो, तू नाही.

मग कोठीत गेलो. छताचा पत्रा तापतो म्हणून मार्चपासून तिथे पाण्याचा कूलर लावलाय. बिस्किटं थंड जागी ठेवायची, हे बाबांचं वाक्य मला पाठ. गारवा आतपर्यंत पोचावा म्हणून डब्यांची झाकणंही मीच काढून ठेवली होती. भिंतीला हात लावला तर तो ओला झाला. आता हस हवं तर. कूलर बंद केलाय. काकांना परत बोलाव, मी येऊन त्यांचे पाय धरतो.

माया आटवू नकोस, एवढीच विनवणी.

तुझा धाकटा

ता. १९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

झाकणं काढून कूलर लावणारा माणूस आपल्याच घरात निघावा, याची लाज वाटली. बाबा थंड आणि कोरडी जागा म्हणायचे, तू अर्धंच वाक्य पाठ केलंस. चार पानं भरून तुला झोडपायचं ठरवलं होतं.

पण काल काकांकडे गेले. तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळा दोष तुझ्या माथी मारला. कूलरचं वाचून ते थोडं हसलेसुद्धा. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, की त्यांना घरी बसवलं त्या सकाळी तुझ्या डब्यांच्याच घाण्यातला एक डबा आपल्या फळीवर होता, तो मी उघडून पाहिला होता का.

मी पाहिला नव्हता. काल परतल्यावर उघडला. पहिलंच बिस्कीट कडकन मोडलं.

काका येणार नाहीत. तू पाय धरायला येऊ नकोस, त्यांचा तुझ्यावर राग नाहीच.

आज कुणाचा लोभ मागायला मला तोंड नाही.

ताई