थंड झालेला दगड

बाबा,

आठवडाभरात तीनदा जमीन हलली. मोठं काही नाही. फळीवरची भांडी वाजली, शेजारच्या घराच्या भिंतीला केसभर चीर गेली. वाडीतले लोक थेट माझ्याकडे आले, कारण इथल्या दोन पिढ्यांना विज्ञान मी शिकवलं. शेजारीण म्हणाली, "बाई, खाली ज्वालामुखी तर नाय ना? सून ओली बाळंतीण हाय. घरात झोपू का आंगणात?" मी म्हटलं, "सिद्धगड काय न् बाकीचे डोंगर काय, सगळे लाव्हाचेच. पण तो कधीच थंड झालाय. मुकाट्यानं घरात झोपा." "बाई बोलल्या म्हंजे जमिनीनंपण ऐकलं पायजे," असं म्हणून ती हसली आणि गेली. ती गेल्यावर मी तिच्या भिंतीची चीर कुंपणावरून पुन्हा पाहून आले.

कारण हे मी पूर्वीही बोलले आहे. कुठलाही चंद्र म्हणजे थंड झालेला दगड, असं वर्गात ठासून सांगायची. एक मुलगी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन उभी राहिली. "बाई, गुरूच्या चंद्रावर ज्वालामुखी हायेत." मी म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं लिही. बस खाली." ती बरोबर होती. आयो त्या चंद्राचं नाव. सूर्यापासून इतका लांब, वर गंधकाचं हिम, पण गुरू त्याला ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो आणि त्या मळण्यानं आतला दगड वितळतो. शनीचा एक बर्फाळ चंद्र तर भेगांतून पाणी उडवतो. लांबून मीही त्यांना मेलेलेच म्हटलं होतं.

तुम्हीही एकदा असंच म्हणाला होतात. मी नऊ वर्षांची. भाताच्या रोपांसाठी शेतात शेण-पातेरा पसरून राब जाळलेला, वर पांढरी राख. तुम्ही बांधावरून ओरडता, "निवलाय गो, जा बिनधास्त." मी जाते. दुसऱ्याच पावलाला खालचा विस्तव लागतो. उभा जन्म राब भाजलेला माणूस, आणि चुकला. पाय बरा होईपर्यंत तुम्ही मला खांद्यावरून शाळेत नेलंत. भाजल्यापेक्षा मला तुमच्या चेहऱ्याची भीती वाटली होती. तो चेहरा आता कळतो.

तहसीलला कळवलंय, कुणीतरी पाहायला येईल म्हणतात. तोवर ती बाळंतीण आणि तिचं बाळ माझ्या शब्दावर त्या चिरलेल्या भिंतीशी झोपतात. 'मला माहीत नाही' एवढंच जाऊन सांगायचं आहे, आणि सकाळपासून मी ते तुम्हालाच लिहीत बसले आहे. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते: परवापासून माझी स्वतःची खाट मागच्या अंगणात आहे. शेजारणीनं विचारलं, तेव्हा आत उकडतं म्हणाले.