तिच्या मनगटावरचा गंडा

बाई,

तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे जिने नसावेत अशी आशा आहे. अण्णांचा दमा बसला का? तुमच्या सासूबाईंना आता नीट दिसतं, की अजून ताटातली चटणी चाचपून बघतात? देह सुटला की दुखणी सुटतात म्हणतात, पण अण्णांनी कधी पथ्य पाळलं नाही, म्हणून विचारलं. इथे भोपाळात ह्यांची साखर वर-खाली होते. सूनबाई साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, ती दटावते तेव्हा गोळ्या घेतात. मी बरी आहे. म्हणजे मागच्या पंधरवड्यापर्यंत होते. मग ती आली.

ती म्हणजे तुमची नायजेरियाची, तुमच्याकडे गाणं शिकून गेलेली. तिचं सगळं तुम्हाला कळवायला हवं, कारण तुम्ही गेल्यावरच ती मोठी झाली. तिचा तो उंच, चांदीच्या वाटीवर चमचा वाजावा तसा आवाज, त्याला तिकडे सोप्रानो म्हणतात. बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी. त्या आवाजावर तिने विलायतेतली मोठमोठी थिएटरं गाजवली. तिकडचं संगीत नाटक असतं ना, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाण्यातच बोलायचं, तेही माइकशिवाय, त्यात ती नायिका असायची. आणि सगळं ऐन भरात असताना सोडून घरी गेली. गावोगाव हिंडून तिथल्या म्हाताऱ्यांची लग्नाची, बारशाची, रडण्याची गाणी गोळा केली, लिहून काढली, त्यांच्यावर पुस्तकं केली. आता विद्यापीठात शिकवते. कुणालाही अभिमान वाटावा असं आहे. मला वाटला नाही. माझ्या पोटात दुखलं.

इथल्या सभागृहात तिचं भाषण होतं, मग गाणं. मागच्या पडद्यावर तुमचा फोटो, तुमच्या चार इमलीच्या बंगल्यातला, तानपुरा घेऊन बसलेला. ती म्हणाली, आमच्या गायकांना मोठ्या सभागृहात आवाज पोचवायला शिकवतात, पण एका सुरावर नुसतं बसायचं कसं, ते मला या गावातल्या एका बाईंनी शिकवलं. टाळ्या झाल्या. मग तिने त्यांच्याकडचं लग्नाचं गाणं म्हटलं, बिनामाइकचं. मी शेवटच्या रांगेत होते तरी कानाशी बसून म्हटल्यासारखं ऐकू आलं. सूनबाई कुजबुजली, "आई, तुम्हीपण होतात ना तेव्हा त्यांच्याकडे?"

"होते ना," मी म्हटलं. "भाजी चिरत."

खोटं नव्हतं ते. सोनागिरीच्या आमच्या घरून टेम्पोने हिंदकळत मी यायचे, आणि तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात घ्यायच्या. तुम्ही पोळ्या लाटताय, मी मेथी निवडतेय, आणि तुमच्यामागून एकेक ओळ म्हणतेय. जरा सूर हलला की लाटणं ओट्यावर आपटतं. "अगं ए बयो, आमटी उतू गेली तर पुसता येईल. गंधार उतरला तो कशाने पुसू?" आणि ती बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर, तानपुऱ्यापुढे. तिला तुम्ही गोड आवाजात सांगायच्या, "बहुत अच्छा बेटा, एक बार और." मला कधी अच्छा नाही, बहुत तर लांबच. गुरू शिष्याला मनगटावर गंडा बांधतो, गूळ-फुटाणे भरवतो, तो दिवसही मला लख्ख दिसतो. तुम्ही तिच्या काळ्याभोर मनगटावर लाल दोरा बांधताय, ती रडतेय, आणि गूळ-फुटाण्यांचं ताट धरून उभी आहे मी. नंतर हळूच विचारलं, बाई, माझा कधी? तुम्ही पदर खोचून म्हणालात, "तुला कशाला? घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का?" तुम्ही ते मायेने म्हणालात, हे तेव्हाही कळलं होतं. पण माया मनगटावर दिसत नाही, बाई. मी तुमची शिष्या होते का, हे तुमच्यानंतर कुणाला विचारणार होते मी?

कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून ती नेमकी माझ्याकडे आली. एवढी प्राध्यापक, केस पांढरे झालेले, आणि म्हणते काय, "को खाँ दीदी, पहचाना नहीं?" अस्सल भोपाळी! हसूच फुटलं मला. दुसऱ्या दिवशी घरी जेवायला आली. वरण-भात हाताने कालवून खाल्ला. तुमच्यावर पुस्तक लिहितेय म्हणाली, आणि मी पुन्हा आतून चिडले. पुस्तकही तिनेच लिहायचं का?

मग ती म्हणाली, "दीदी, एक बात बोलूँ? बाईजी ने मेरे को कभी नहीं डाँटा. एक बार भी नहीं."

"भाग्यवान हो."

"काहे की भाग्यवान? मेहमान थी मैं. मेहमान को कौन डाँटता है? अंदर वो तुम पे चिल्लाती थीं, और मैं बाहर तानपूरा पकड़ के जलती थी. सोचती थी, असली तालीम तो उधर चल रही है."

मी वाढायचा डाव खाली ठेवला. इतकी वर्षं मी आत जळतेय, ही बाहेर जळतेय, आणि मधे तुम्ही निवांत पोळ्या भाजताय! आम्ही दोघी इतक्या हसलो की हे चष्मा लावून बघायला आले. मग तिने पेन काढलं. "बोलो, क्या क्या बोलती थीं?" आणि मी सांगत सुटले. गंधाराचं, "भिंतीला ऐकवतेस का?" हे, "गळ्यात लोणचं अडकलंय का?" हे. ती लिहीत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हेवा स्पष्ट दिसत होता. फार बरं वाटलं, बाई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते घरातच राहील. म्हणून सांगून टाकते. एक बोलणं मी तिला दिलं नाही. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, मी पाय चेपत गुणगुणत होते, आणि डोळेसुद्धा न उघडता तुम्ही म्हणालात, "श्वास चोरू नकोस गं. पूर्ण घे." त्यानंतर तुम्ही कुणालाच रागावला नाहीत. ते तिच्या पुस्तकात येणार नाही. ती दोनदा म्हणाली, "और कुछ?" मी म्हटलं, "बस, इतना ही."

कंजूषपणा केला म्हणून रागवायचं असेल तर खुशाल रागवा, चार ओळी पुरतील. पण लवकर लिहा. आणि तिला लिहायच्या आधी मला लिहा.