गोट्यांची बाटली

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. तुझ्या बायकोने विणलेला स्वेटर अगदी मापात बसला, तिला सांग. ओळी तिरक्या गेल्यात त्याला टेबल जबाबदार. डुगडुगतं मेलं.

बातमी आधीच सांगते, नाहीतर मधलं गाळून शेवटाकडे पळशील. बाबांचा तो रोल मी काल धुतला.

ओरडू नकोस! आई गेली तेव्हा तू तान्हा होतास. फोटोग्राफरची बायको, पण कॅमेऱ्यासमोर उभी म्हणून राहायची नाही. "आधी गिऱ्हाइकं," म्हणायची. एकदाच बाबांनी तिला कॅमेरा घेऊन गच्चीवर गाठलं, आणि महिन्याभरात ती गेली. तो रोल धुवायचा बाबांना कधी धीरच झाला नाही. पुढे तू म्हणायचास लॅबला दे, आणि मी परक्याच्या हाती द्यायला तयार नव्हते.

स्टुडिओ बंद करताना फिल्म धुवायच्या डेव्हलपरची एक बाटली मी ठेवली होती. हवा लागली की तो चहासारखा काळपट होतो आणि कामातून जातो. म्हणून बाबा बाटली उतरेल तशा तिच्यात काचेच्या गोट्या टाकायचे, म्हणजे पातळी पुन्हा गळ्यापर्यंत. गोट्या कोणाच्या ते तुला ठाऊक आहे. केवढा अबोला धरला होतास!

उघडून बघते तर पाण्यासारखा स्वच्छ. तरी रोलचं बाहेर राहिलेलं टोक कापून आधी त्यात बुडवलं. बघता बघता काळंकुट्ट झालं, म्हणजे डेव्हलपर जिवंत होता. मग मिट्ट काळोख करून फिल्म रिळावर चढवली. बोटं काही विसरली नाहीत रे! काळोखात मी अजून कोणाला हार जाणार नाही.

चित्र पक्कं करायला हायपो मात्र नवा आणला. नंतर फिल्म पाण्याखाली इतका वेळ धरली की शेजारीण नळ बंद करा म्हणून ओरडत आली. हायपो राहिला की पुढे डाग पडतात, हे बाबांचं पालुपद. थोडी धुरकट आलीय, पण आता आपल्या दोघांनंतरही टिकेल.

वाळल्यावर शेजारणीनेच ती खिडकीशी धरली. "अगं बाई! कोणी पांढऱ्या केसांची म्हातारी आहे, तोंड काळं, कडेवर बाळ."

मी पोट धरून हसले. निगेटिव्हमध्ये पांढरे म्हणजे खरे काळेभोर. आईच ती. आणि कडेवर तू.

आता विचारशील, शेजारीण कशाला, ताईने का नाही बघितली. टेबल ठीक आहे रे. माझ्याच डोळ्यांत मधोमध डाग धरलाय. डॉक्टर म्हणतात, आता तो जायचा नाही. कडेकडेचं दिसतं. आईचे खांदे दिसले, वेणी दिसली. चेहऱ्यावर नजर नेली की तिथे नेमका डाग. भिंग लावून पाहिलं. रडले थोडी, मग चहा केला. माझं काही अडत नाही, मला तिचा चेहरा पाठ आहे. तूच तो कधी पाहिला नाहीस.

म्हणून ये. निगेटिव्ह वाचायला तुला बाबांनीच शिकवलंय. तू बघ आणि मला मोठ्याने सांग, नाक कसं, हसतेय की नाही. चुकलास तर मी सुधारीन.

बाटली रिकामी झाली. तुझ्या गोट्या धुऊन ठेवल्यात, त्याही घेऊन जा.

तुझ्या डोळ्यांची वाट पाहणारी,
ताई