मास्तरांचं साफ ताट

ता. ११, गुरुवार, दुपार

चि. ठमीस,

आजीचे आशीर्वाद. तुझं जाडजूड पाकीट मिळालं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. समोरच्या घराला हिरवा रंग दिलाय, बघितलं की दात आंबतात. बाकी विशेष काही नाही.

कॉलेजने घरातल्या वडीलधाऱ्यांची आहाराबद्दलची मतं मागवली आहेत म्हणतेस. मी तिसरी पास. माझ्या मतांचं तुझे सर काय करणार, लोणचं घालणार? आणि छापील प्रश्नाखाली ओळी किती, तर तीन! तीन ओळींत माझी एक शिवी मावत नाही. म्हणून तुझ्या आजोबांच्या मापांच्या वहीतले कागद फाडून घेतलेत. मागच्या बाजूला कुणाची छाती-कंबर दिसली तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

पहिला प्रश्न, 'तुमच्या मते आरोग्याला चांगला आहार कोणता?'

जो घशाखाली उतरतो तो.

आधी एवढंच लिहून पुढे जाणार होते. पण तुझे सर म्हणतील, म्हातारी उद्धट आहे. तर ऐका म्हणावं.

मी एकोणतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होते, हे तुला माहीत आहे. पण तिथे मी रांधत नव्हते. मी मागच्या मोरीवर होते, जिथे वॉर्डातून ताटं परत येतात. रांधणाऱ्याला वाटतं आपण माणसं जगवतो. परत काय आलं ते मोरीवालीला दिसतं. भाजी बाजूला सारलेली, अंडं फोडून झाकून ठेवलेलं, सूप प्यायल्यासारखं दाखवून भाताखाली ओतलेलं. प्रत्येक ताटावर खाटेचा नंबर असायचा. तीन दिवस ताटं बघितली की मी सांगायची, ही खाट घरी जाणार आणि ही रिकामी होणार. चुकले असेन, पण फार नाही.

पावाचं मऊ खाऊन कडा ठेवणारा माणूस आणि कडा खाऊन मऊ टाकणारा माणूस, दोन वेगळे आजार. हे तुमच्या पुस्तकात आहे का? एकदा एका ट्रकवाल्याच्या ताटात पाच दिवस नुसत्या कडा येत होत्या. मी सिस्टरला सांगितलं, याला गिळताना त्रास आहे. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही भांडी घासा." घासली. आठ दिवसांनी त्याला मोठ्या इस्पितळात हलवला.

तेव्हापासून माझं मत पक्कं. काय खावं, किती खावं, सकाळी फळ की रात्री फळ, ही सगळी भरल्या पोटाची चर्चा. ताट साफ आलं तर माणूस बरा. उरलं तर बघा.

हे मत मी तुझ्या सरांना देणार होते. आता देववत नाही. का, ते येईल पुढे.

दुसरा प्रश्न, 'अलीकडे घरच्या आहारात कोणता बदल केला व त्याचा परिणाम?'

हा प्रश्न तूच घुसडलास, मला कळतं. मागच्या सुट्टीत तू भिंतीवर तक्ता चिकटवून गेलीस. मास्तरांचं पोट सुटलंय, तळलेलं बंद, साखर बंद, काळा पाव, वाफवलेल्या भाज्या, दर रविवारी वजन. (चाळीस वर्षं गल्ली त्यांना टेलर मास्तर म्हणते, म्हणून मीही मास्तरच म्हणते, हे सरांना सांग, नाहीतर त्यांना वाटेल मी शाळामास्तर केला.) काळ्या पावाला ते म्हणाले, "यापेक्षा अस्तराचा कॅनव्हास मऊ असतो." पण नातीने सांगितलं म्हणजे संपलं. मी तेच चाळीस वर्षं सांगत होते, तर मी भांडखोर.

आणि वजन उतरायला लागलं. दोन किलो. पाच. आठ. तू फोनवर ओरडायचीस, "आजी, आजोबा हिरो आहेत!" अकरा किलो झालं तेव्हा तू वर्गात सांगितलंस, तुझ्या बाईंनी शाबासकी दिली. तू रोज विचारायचीस, आजोबांनी किती खाल्लं. मी सांगायची, पूर्ण. खोटं नव्हतं गं. ताट रोज साफ येत होतं, चाटून पुसून.

त्यांनी जेवायची जागा बदलली होती, एवढंच. म्हणायचे, आत कोंडतं, मागच्या पायरीवर वाऱ्याला बसतो. बसा म्हटलं.

मागच्या अंगणात इस्त्रीवाल्याचा कुत्रा असतो, तो तपकिरी, तुझी चप्पल पळवणारा. तो एवढा माजला होता की चालताना पोट हलायचं. मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, "अरे, आमच्या नातीचा तक्ता लाव याला." तो हसला. हसायचं तेवढं हसला आणि मान खाली घालून कॉलर दाबत बसला. मला वाटलं, गिऱ्हाईकाचं काम आहे, घाई असेल.

मी ठमीला काय लिहिते आहे आणि सरांना काय लिहिते आहे, त्याचा आता गोंधळ व्हायला लागलाय. हे कागद सरांना देऊ नकोस. त्यांना वेगळं काहीतरी लिहून दे. हिरव्या भाज्या खा म्हणते आजी, असं लिही.

मागच्या महिन्यात धुणं करताना मास्तरांची राखाडी पँट उलटी केली. मागच्या शिवणीत टिपा होत्या. एक नाही, चार. एकीच्या आत एक, वीतभर अंतरावरून कुणाला दिसणार नाही अशा. दुसरी पँट काढली, तिलाही चार. शर्टांच्या कुशीत तीन-तीन. माणूस आटत होता आणि दर महिन्याला आपले कपडे आपणच आत घेत होता, ठमे. म्हणून कधी काही लोंबलं नाही. कधी पट्टा आवळलेला दिसला नाही. इतर कुणाची बायको असते तर बुजगावण्यासारखे कपडे बघून मला चार महिन्यांपूर्वीच कळलं असतं. मी पडले चांगल्या शिंप्याची बायको.

ओली पँट हातात घेऊन मी थेट इस्त्रीवाल्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "बोल."

तो म्हणाला, "मावशी, माझ्यावर ओरडू नका. मास्तर रोज देतात त्याला. पहिल्यांदा पाव द्यायचे, मग भाजी, आता सगळंच. म्हणाले, बाईला सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही."

"आणि तू गप्प बसलास?"

"तुम्हाला घाबरतो ना सगळा वाडा. ते तर घरात राहतात."

घरी आले. ते मशीनवर बसले होते. पँट त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी टीप बघितली, बोटाने चाचपली आणि म्हणाले, "तिसरी जरा तिरकी गेलीय."

"किती दिवस झाले?"

"घास अडकतो गं. सुरुवातीला पाव अडकायचा, वाटलं काळ्या पावाचा दोष."

"मग बोललात का नाही? तोंडाला टाके घातले होते?"

त्यांनी दोरा तोडला. मला आठवलं. ते त्यांनी सांगायची गरज नव्हती.

तू गेल्यावर आठवड्याभरातली गोष्ट. त्यांनी अर्धं ताट ठेवलं. मी म्हटलं, "एकोणतीस वर्षं परक्यांची उष्टी काढली, आता मेलं घरातही काढू का? जेवायचं नसेल तर सांगा, मी रांधणं सोडते." हे बोलले आणि भांडी आपटली. मला तर बोलल्याचंही लक्षात नव्हतं, असलं मी दिवसातून चारदा बोलते. त्यांनी ते धरून ठेवलं. त्यानंतर माझ्यापुढे उष्टं ताट कधी आलंच नाही.

जगाची ताटं वाचणाऱ्या बाईला फसवायचं कसं, हे घरच्या माणसाला ठाऊक असणारच. आणि त्यांनी मला फसवलंही नाही, मला त्रास नको म्हणून केलं. हेच माझ्या घशाखाली उतरत नाहीये.

दुसऱ्या दिवशी दवाखाना, मग मोठं इस्पितळ. घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेत गाठ आहे, तीही जुनी, खाली पसरलेली. डॉक्टर पोरसवदा होता, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, लवकर आला असतात तर काही करता आलं असतं." मी विचारलं, लवकर म्हणजे कधी? म्हणाला, पहिल्यांदा अडकलं तेव्हा. म्हणजे मी भांडी आपटली तेव्हा.

आता नीट वाच. मी त्याला दोनदा विचारलं की नातीने खाण्याचा तक्ता दिला होता, त्याने काही झालं का. तो म्हणाला, तक्त्याने गाठ होत नाही, गाठ आधीपासून होती. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मला मनं राखता येत नाहीत, हे तू जाणतेस. पण वजन उतरलं आणि आपण दोघी टाळ्या वाजवत बसलो, हेही खरं. तू पोर आहेस, तुला शिकवलं ते तू केलंस. मला तर कुणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या नवऱ्याचा खांदा हाताला कसा लागतो हे बघायला शाळा लागत नाही.

पोटाला भोक पाडून नळी बसवतो म्हणाले. त्यातून पातळ अन्न देता येतं. बरं होणार नाही, थोडे दिवस वाढतील. मास्तर म्हणाले, "कापड जीर्ण झालं की टीप घालू नये. टीप टिकते, कापड फाटतं." डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं. मी सही केली नाही. चूक की बरोबर, ठाऊक नाही. तुझा बाप फोनवर म्हणाला, आई, तुम्ही दोघं ठरवाल ते. तो नेहमी असंच म्हणतो.

तर आहार असा, लिहून घे. मागच्या आठवड्यापर्यंत दूध, चमच्याने, अर्धी वाटी. तू तक्त्यासोबत ठेवून गेलेली ताकदीची पावडर दोनदा दिली, दोन्ही वेळा उलटून पडली. डबा फडताळात आहे, त्याच्यावर हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आहे, म्हणून तोंड भिंतीकडे करून ठेवलाय. सोमवारपासून पाणी, तेही ओठ ओले होतील इतकं. मशीन त्यांच्या खाटेजवळ सरकवून घेतलंय. पाय पोचत नाही, नुसता हात ठेवतात चाकावर.

दुपारी मला म्हणतात, "तू इथे बसून जेव." मी म्हटलं, "माझं जेवण बघून तुमचं पोट भरणार आहे का?" म्हणाले, "नाही. पण कुणीतरी जेवताना बघायला बरं वाटतं." मग मी त्यांच्यासमोर बसते आणि जेवते. माती खाल्ल्यासारखं लागतं. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे असतं, प्रत्येक घासाला. काल म्हणाले, "तू घाईघाईने जेवतेस. कधी लक्षात आलं नव्हतं." बेचाळीस वर्षांत आम्ही समोरासमोर जेवलोच किती? मी दुपारची पाळी करून यायची तेव्हा ते दुकानात असायचे.

तुझे बाकीचे तीन प्रश्न मी वाचले. व्यायाम, पाणी किती प्यावं आणि पुढच्या पिढीला सल्ला. त्या तीन-तीन ओळी कोऱ्या ठेवल्यात.

मास्तरांनी बजावलंय, पोरीची परीक्षा अठ्ठावीसला संपते, तोवर कळवायचं नाही. तुझ्या बापाचंही तेच मत. मी हो म्हटलं होतं. पण आज अकरा तारीख आहे, आणि मी तीन दिवस बघून खाट ओळखणारी बाई आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार मी बघितलेत. अठ्ठावीस फार लांब आहे, ठमे. परीक्षा सोड किंवा दे, ते तुझं तू ठरव. तू आलीस म्हणून ते वाचणार नाहीत. ओळखतील की नाही तेही सांगत नाही, सकाळी ते मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते.

फोन करायला हवा होता, टपालाला दोन-तीन दिवस जातात, एवढं मला कळतं. सकाळी दोनदा हातात घेतला. पण तू उचलल्याबरोबर विचारशील, आजोबांनी किती खाल्लं, आणि माझ्या तोंडून सवयीने निघेल, पूर्ण. ते तोंड बंद करायचं तर लिहायलाच हवं होतं.

इस्त्रीवाला टपालपेटीकडे निघालाय, दारात उभा आहे. वर 'ठीक आहोत' लिहिलंय, ते खोडत बसत नाही, त्याला घाई आहे.

ये. वेळेत पोचशील म्हणून बोलावत नाही. नंतर मी एकटीने तुला हे तोंडाने सांगू शकणार नाही, म्हणून ये.

तुझी,
ज्या बाईला त्यांनी सांगायला नको म्हटलं, ती आजी