डोणीतले छत्रीगवत

ता. ३ फेब्रुवारी १९२९, रविवार
आजपासून रोजनिशी नियमाने. जे घडले तेवढेच लिहायचे. बढाई नाही, रडगाणे नाही.

सकाळी खोपोलीस जाऊन आलो. तेथे वीजघराच्या एका साहेबाच्या बंगल्यावर चांगो म्हणून माळी आहे. त्याची घरची पत्रे मी लिहून देतो. त्याने छत्रीगवताची एक काडी दिली. विलायती जात. सरळ हिरवा दांडा आणि टोकाला उघडलेल्या छत्रीच्या तारांसारखी पाने. सबंध खालापूर पेट्यातल्या गावांत असे झाड दुसऱ्या कोणाकडे नसावे. सोळा वर्षे मी शाळामास्तर, शिवाय गावचे पोस्टही माझ्याच ओटीवर, पण सायंटिफिक काम करण्याची संधी ही पहिली. काडी कुंडीत उभी लावली.

कुटुंबाने विचारले, याची भाजी होते का? ठमी आठ वर्षांची, पण तिने लगेच ओळखले की ही छत्री. मुलगी माझ्यावर गेली आहे.

ता. ११ फेब्रुवारी
काडी पिवळी. माती हलकी, शेजारच्या बकऱ्या, शिवाय कुटुंब जाता येता धक्का देते. माझी चूक कोठेही दिसत नाही.

ता. १७ फेब्रुवारी
पुन्हा खोपोली, पायी. चांगो म्हणाला, "मास्तर, उबी नाय लावायची. दांडा आखूड तोडा, छत्री उलटी करा नि पाण्यात ठेवा. मदनं मुळं फुटतात. ह्याला पाय वल्लेच लागतात." पुढचा प्रयोग मी तोच करणार होतो, असे त्याला सांगितले. दुसरी काडी घेऊन आलो.

ता. १० मार्च
रिझल्ट आला. छत्रीच्या मधोमध पांढरी मुळे आणि तीन कोंब. चिकाटी असली की होते. 'छत्रीगवताची जोपासना' असा लेख पुण्याच्या मासिकाला पाठवणार. सोमवारपासून लिहायला घेतो.

ता. १४ मार्च
परसात दगडी डोणी आहे. कुटुंब तीत धुणे भिजवते. चार गडी लावून ती पुढच्या पडवीत आणवली. तळाला गाळ, वर वीतभर पाणी, मध्ये झाड. उन्हाळ्यात आम्ही पडवीतच झोपतो, त्यामुळे झाडावर चोवीस तास नजर राहील. कुटुंब म्हणाले, मग धुणे कशात भिजवू? यावर विचार करून सांगतो म्हणालो.

ता. २१ एप्रिल
विहीर तळाला गेली. ठाकरवाडीची भागी ओढ्यातल्या झऱ्यावरून दोन हंडे आणून देते. एक हंडा झाडाला. कुटुंबाचे म्हणणे, दोन्ही हंडे घरात हवेत. मी म्हणालो, माणूस तहान सांगू शकतो, झाड सांगू शकत नाही. तिने उरलेला हंडा उचलून आत नेला.

भागी डोणीत हंडा रिकामा करताना म्हणाली, "ह्यो लव्हाळाच हाय, गुरुजी. आमच्या वड्याला लई. गुरं बी तोंड लावत नाय." अडाणी बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. तरी अर्धा तास समजावले.

ता. १९ मे
झाड गुडघ्याइतके. अकरा दांडे. लेख अजून सुरू नाही, उकाडा फार.

डोणीच्या पाण्यात बारीक वळवळे झाले आहेत. ठमी दुपारभर काठाशी बसून ते मोजते. एकाला तिने आमची शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांचे नाव दिले, कारण तो सारखा खालीवर करतो. मी तिला दटावले, मग आत जाऊन हसलो. मुलीला निसर्गाची गोडी लागली. कुटुंब म्हणाले, डास वाढलेत, डोणी परसात न्या. परसात बकऱ्या येतात.

ता. १४ जुलै
झाड कंबरेइतके. पडवीत पाऊल टाकले की दिसते. येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो. (दोघांनी विचारले. एकाला पोस्टकार्ड हवे होते.)

आज आरोग्य खात्याचा एक तरुण इन्स्पेक्टर गावात आला. डोणीत वाकून पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, या डासांच्या अळ्या आहेत. दर आठवड्याला पाणी उपसून टाका. नाहीतर वर घासलेट घाला." घासलेटाने झाड मरेल. मी त्याला विचारले, तुम्ही बॉटनी शिकलात का? तो म्हणाला, "नाही. हिवतापाची माणसे मोजतो." वय पंचवीस. अनुभव शून्य. वाद नको म्हणून होय म्हटले. झाडाची मुळे आत्ताच कोठे स्थिर झाली आहेत, त्यांना आठवड्याला हलवणे बरे नव्हे. दिवाळीनंतर पाहू.

ता. ११ ऑगस्ट
ठमीला ताप. थंडी वाजली, दोन घोंगड्या घातल्या. परवा भिजली होती. काकड्याही फार खाल्ल्या. काढा दिला.

ता. १२ ऑगस्ट
ताप नाही. म्हणालोच होतो.

ता. १३ ऑगस्ट
पुन्हा थंडी, पुन्हा ताप. काकडी बंद.

ता. २० ऑगस्ट
एक दिवसाआड चालू आहे. कुटुंबाने आज पोस्टाच्या कपाटाकडे बोट दाखवले. त्यात सरकारी कोयनेलच्या पुड्या असतात. हिवतापासाठी लोक नेतात. ती म्हणाली, "वाडीच्या पोरांना तुम्ही हाताने काढून देता. मग आपल्या पोरीला का नाही?"

शांतपणे समजावले. वाडीची माणसे ओढ्याकाठी राहतात. आपल्या घराजवळ ओढा नाही, डबके नाही. शिवाय कोयनेलने कान जातात, आणि ठमीचा आवाज गोड आहे, तिला पुढे गाणे शिकवायचे आहे. ती म्हणाली, "आणि ही डोणी?" डोणी म्हणजे डबके नव्हे. हे लिहून ठेवतो, कारण लेखातही हा मुद्दा येईल.

ता. १ सप्टेंबर
मोठी बातमी. चांगोने निरोप पाठवला की त्याच्या साहेबाच्या मॅडमना झाडाबद्दल कळले आहे आणि पंधरा तारखेच्या रविवारी बग्गीतून पाहायला येतील. पडवी सारवणे, बोर्ड लिहिणे (इंग्रजी नाव चांगोला विचारून), ठमीकडून एक इंग्रजी कविता पाठ करून घेणे.

ता. ८ सप्टेंबर
ठमी कवितेच्या दोनच ओळी म्हणते आणि झोपते. चेहरा पिवळट. पोटात डावीकडे दुखते म्हणते. आजपासून कोयनेल सुरू केले, कुटुंबाच्या समाधानासाठी. अर्धी पुडी, गुळातून. ओकली.

ता. १३ सप्टेंबर, शुक्रवार
कुटुंब म्हणाले, उद्याच गाडी जोडा, कर्जतच्या दवाखान्यात नेऊ. सोमवारी नेऊ म्हणालो. दोन दिवसांचा प्रश्न. मॅडमशी ओळख झाली तर वीजघरच्या डॉक्टरसाठी चिठ्ठीही मिळेल. म्हणजे थांबण्यात ठमीचेच हित आहे. हे कुटुंबाला पटले नाही. ती ठमीला घेऊन माजघरात गेली आणि दाराला आतून कडी घातली.

ता. १५ सप्टेंबर, रविवार, सायंकाळी
सकाळी आठापासून कोट घालून बसलो. पाऊस उघडला होता. पिवळी पाने कातरली, पाने एकेक पुसली. बाराला कुटुंब बाहेर आले. म्हणाले, ठमी हाक मारते आहे. पाच मिनिटांत येतो म्हणालो. तेवढ्यात रस्त्यावर चाकांचा आवाज झाला. ती वाण्याची गाडी होती.

चार वाजता चांगो एकटाच चालत आला. "मॅडम न्हाईत यायच्या, मास्तर. सायबाची बदली जाली. सामान परवाच गेलं." मग त्याने दारातून आत पाहिले आणि विचारले, "पोर अशी का निजलीय?"

आत गेलो. ठमीचे डोळे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. चांगोच गाडी आणायला पळाला.

ता. १८ सप्टेंबर
ठमी सोमवारी पहाटे गाडीत गेली. कर्जत दोन कोस राहिले होते. कुटुंबाच्या मांडीवर होती. गाडीवानाने बैल थांबवले आणि कोणी काही सांगण्याआधीच खाली उतरून उभा राहिला.

पुढे दवाखान्यात तरी नेऊ, असे मी म्हणालो. कुटुंबाने नाही म्हणून मान हलवली.

ता. २९ सप्टेंबर
या वर्षी ताप सगळीकडेच आहे. वाडीत तीन गेले, भागीची धाकटीही. इथले हवामानच वाईट. घाटाखालची दमट हवा, त्याला कोण काय करणार. बदलीसाठी अर्ज करणार आहे. सोमवारी लिहितो.

झाडाला पाणी घातले.

ता. ६ ऑक्टोबर
कुटुंबाचा भाऊ कळंबहून न्यायला आला. त्याने माझ्याशी हवापाण्याचे दोन शब्द बोलून घेतले. तिने कपडे एका गाठोड्यात बांधले. ठमीचे परकर वेगळे बांधले. दिवाळीपर्यंत परत येशील ना, असे मी विचारले. तिने डोणीकडे पाहिले. म्हणाली, "झाडाला जपा." रागाने म्हणाली नाही. तसे म्हणाली असती तर बरे झाले असते.

ता. १३ ऑक्टोबर
भागी पाणी घेऊन आली. तिला म्हणालो, डोणी उपसून टाक. तिने हंडा खाली ठेवला. "तुमीच उपसा, गुरुजी. म्यां भरली, तुमी उपसा."

मग मीच तांब्याने उपसली. झाड मुळासकट ओढून पाहिले, निघाले नाही, कोयत्याने तोडले. तळाचे पाणी अंगणात उन्हात पसरले. त्यात वळवळे होते. थोड्या वेळाने ते हलेनासे झाले. भागी तेथेच बसून होती. तिची मुलगी केवढी होती, हे मला विचारायचे होते. शाळेत कधी आली नाही, म्हणून मला माहीत नव्हते. "तुमच्या ठमीयेवढी," ती आपणहूनच म्हणाली.

ता. ११ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. कुटुंब आलेले नाही. कळंबला दोन पत्रे टाकली. उत्तर नाही.

डेप्युटीसाहेबांची तपासणी गुरुवारी. म्हणून हजेरीपट पुरा करायला बसलो. ठमीचे नाव मुलींत चौथे. सप्टेंबरपासून पुढे गैरहजर मांडत आलो होतो. आज नाव पटावरून कमी केले. शेवटी कारणाचा रकाना असतो. त्यात 'मयत, हवामान' असे लिहिले. अक्षर चांगले आले होते.

दुपारी ते खोडले. वर 'ताप' लिहिले. मग तेही खोडले. रकान्यात आता जागा उरलेली नाही.