गुडघ्यातली रेघ

३ फेब्रुवारी

बाबांनी कुठून तरी पितळी घंटी पैदा केली! स्टुलावरून पडल्यापासून माडीवर लोळत असतात. गुडघ्यातली गादी फाटली म्हणे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. टिंग — चहा. टिंग — उशी. आई जिना चढते, कठड्याला धरून, एकेक पायरी. रागावली की ती मुद्दाम सावकाश चालते.

४ फेब्रुवारी

दिवसभर लोकांचे एमआरआय वाचते, पण घरच्यांचे मी वाचत नाही, मन आधीच ठरवून बसतं. बाबांचा रिपोर्ट शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा. पण घंटीने डोकं उठवलं, आज बघितलाच.

गुडघ्यात दोन गाद्या, आतली नि बाहेरची. बाहेरच्या गादीच्या पुढच्या टोकाला फाटल्यासारखी रेघ आहे खरी. एकच फोटो बघितला तर कुणीही फसेल. मी पुढचे सरकवले. रेघेला लागून एक काळा ठिपका — प्रत्येक फोटोत जरासा सरकत थेट आतल्या गादीला जाऊन मिळाला! म्हणजे दोन्ही गाद्यांना जोडणारा बंध. रेघ म्हणजे त्याच्या नि गादीमधली चरबीची फट. बहुतेकांना असते, फाटलेलं काहीच नाही. सहकाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. ऑपरेशन रद्द. हुश्श!

५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं तर चेहराच पडला! "आईला नको सांगूस गं. क्रिकेटचे सामने संपेपर्यंत तरी." मीही काही कमी नाही. म्हटलं, मी गप्प बसायचं तर मिशी उतरवा. उतरवली! काय ध्यान दिसतंय!!

८ फेब्रुवारी

आई विचारते, "गुडघ्याच्या ऑपरेशनला मिशी कशाला काढायची?" मला हसू आवरेना. सगळं सांगून टाकलं. आई खालूनच ओरडली, "अहो, उतरा खाली!" उतरले की — दोन-दोन पायऱ्या एकदम.

मग मला म्हणते, "मलाही घाल त्या यंत्रात. मलाही घंटी हवी."

१० फेब्रुवारी

दुपारी यंत्र रिकामं होतं. गंमत म्हणून आईला आत सरकवलं.

आतल्या गादीच्या मागच्या टोकाला रेघ. फोटो पुढे नेले, मागे आणले. ती कुठल्याच बंधाला मिळत नाही. गादीच्या काठापर्यंत जाते, लागोपाठच्या फोटोंत. फाटलीय.

"कधीपासून दुखतंय?"

"चालायचंच गं. जिना चढताना तेवढं."

आणि मी मिशीची मजा बघत बसले होते. फार रडू आलं.

घंटी तिच्या उशाशी ठेवलीय. वाजवतच नाही.